वरची सही बघून

सुमन, तुझा फ्लेक्स मी फाडला.

लोकांना सांगितलं, वाऱ्याने सुटला म्हणून काढून ठेवला. तुला कशाला खोटं सांगू. भाजीची सुरी घेऊन खाली गेले, आधी दोऱ्या कापल्या आणि मग तो फराफरा फाडला. वर लिहिलं होतं, 'निसर्गकन्या सुमनताई पगारे यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली तुझा आधार कार्डावरचा फोटो, ज्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस, आणि तुझ्याहून मोठा फोटो आपल्या चेअरमनचा, निकमचा, हात जोडलेला. हे सगळं त्याने बांधलं कुठे, तर गेटजवळच्या चिंचेच्या थोटक्या बुंध्याला. मागच्या पावसाळ्यात बगळ्यांची पिल्लं घरट्यात असताना त्याने ज्या चिंचेवर करवत चालवायला लावली, त्याच चिंचेला. डॉक्टरांनी तुझ्या कागदावर हृदयाचं कारण लिहिलंय. त्यांचं ते शिक्षण आहे, त्यांनी लिहावं. मी निकमलाच धरलंय.

तुझा फोटो तेवढा नीट कापून घेतला. कपाटात आहे.

फ्लेक्स तुझ्या जलदानविधीसाठी लावला होता. विधी प्रज्ञाने नीटनेटका केला, तुझी लेक शोभते. वांग्याची भाजी जरा तिखट झाली होती, पण तो आचाऱ्याचा दोष. सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्त्या. भन्तेजींनी पंचशील दिलं. पहिल्या रांगेत पांढराशुभ्र शर्ट घालून निकम बसला होता, आणि जीवहत्या करणार नाही हे पहिलं शील तो भन्तेजींच्या मागून सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणाला. मी त्याच्या मागच्याच खुर्चीवर होते. माझ्या हातात फुलं होती म्हणून त्याचं निभावलं.

मग तो बोलायला उभा राहिला. म्हणाला, "सुमनताई म्हणजे आपल्या सोसायटीचा ऑक्सिजन होत्या. त्यांच्या स्मरणार्थ गेटजवळच्या मोकळ्या जागेत आपण 'सुमन पक्षी उद्यान' करणार आहोत. सिमेंटचे फ्लेमिंगो, कारंजं, लाइटिंग. मुलांना सेल्फी काढता येतील. फक्त तिथे सावली फार पडते, म्हणून पाण्याच्या टाकीमागच्या शिरीषाची जरा छाटणी करून घेऊ." दोनचार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग कुठे बसलोय ते आठवून हात खाली घेतले.

'गेटजवळची मोकळी जागा' म्हणजे चिंचेची. आणि शिरीषावर काय चाललंय ते त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं, कारण तूच दाखवलं होतंस. तू गेलीस त्याच्या आदल्या दिवशी माझ्या बाल्कनीतून बोट दाखवून म्हणालीस, "बघ, काड्या नेतायत. चिंच नाही तर शिरीष. बेशरम आहेत, परत इथेच आले." रातबगळे होते, लाल डोळ्यांचे. तुझ्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी चहा दुसऱ्यांदा ठेवला. आता त्या काड्यांची घरटी झाली आहेत, आणि निकमला तिथे सिमेंटच्या पक्ष्यांसाठी ऊन हवंय. ते ऐकलं तेव्हाच ठरवलं, रडायचं नंतर बघू. आधी ह्याचं उट्टं काढायचं आणि शिरीष वाचवायचा. एवढी वर्षं मी त्याला निकमसाहेब म्हणत आले. त्या दिवसापासून 'साहेब' काढून टाकलं.

सरकारी प्रेसमधल्या सगळ्यांनी मिळून एकच सोसायटी करू नये असं तू म्हणायचीस, कारण मग निवृत्तीनंतरही कॅन्टीनसारखंच वाटत राहतं. खरं होतं ते. सगळे आपल्याच तपासणी खात्यातले. तू आणि मी एका टेबलाला समोरासमोर. छापून आलेला प्रत्येक कागद नजरेखालून घालायचा, खोट दिसली की पेन्सिलने गोल करायचा, गठ्ठा संपला की खाली सही. खोटीबद्दल शंका वाटली तर कागद पुन्हा उजेडात धरून बघायचा, खात्री पटली तर त्याच गोलावर दुसरा गोल फिरवायचा. निकम आपला सुपरवायझर. माणूस कामाला चोख होता, हे मी आजही नाकारत नाही. त्याची सही वर असली की गठ्ठा तपासलेला, यात कधी फरक पडला नाही. आपण सगळ्यांनी तो विश्वास पेन्शनच्या कागदांबरोबर घरी आणला, आणि मी म्हणते आपल्या सोसायटीचं वाटोळं तिथून सुरू झालं.

निवृत्तीनंतर बाकीच्यांचे डोळे टीव्हीला लागले, तुझे चिंचेला. मे महिना संपत आला की गायबगळ्यांच्या पांढऱ्या डोक्यावर केशरी रंग चढायचा, आणि तू इंटरकॉमवर सांगायचीस, "निमे, हळद लागली गं." मग आपण दोघी माझ्या बाल्कनीत, मुलीकडच्या मांडवात बसल्यासारख्या. कोण काडी आणतोय, कोण दुसऱ्याची चोरतोय, कुणाचं घरटं वाऱ्याने हलतंय. मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. मला तू बोलत असलेलं आवडायचं.

लोकांना बगळे नको होते, गाड्यांवर पडते त्या घाणीमुळे. मी असते तर भांडले असते. तू भांडली नाहीस, तू बेत केलास. पावसाळ्याचे चार महिने चिंचेखाली एकही गाडी लावायची नाही, सगळ्या मागच्या भिंतीला. पहिली गाडी प्रज्ञाची हलवलीस, नव्या कव्हरसकट. रोज सकाळी चिंचेखाली वाळका पाला पसरायचा, दुसऱ्या दिवशी तो घाणीसकट गोळा करून खड्ड्यात टाकायचा. वर्षाने त्याचं असं खत झालं की आधी नाकाला रुमाल लावणारेच कढीपत्त्याच्या कुंडीसाठी पिशवी घेऊन आले. पाणी ठेवायला उथळ मातीची परळं, रोज घासून. लॉबीच्या मोठ्या काचेवर कागदी पट्ट्या, बुलबुल आपटू नयेत म्हणून. आणि कुणी फरसाण, बिस्किटं टाकली की तू वेचून उचलायचीस. "पाहुण्याला आपल्याला आवडतं ते वाढायचं नसतं," म्हणायचीस.

मी प्रदर्शनातून चिमण्यांसाठी लाकडी घरं आणली, रंगीत, खिडकीवर जाळीची. हौसेने बाल्कनीत टांगली. दोन वर्षं एक चिमणी फिरकली नाही. तू बघितलंस आणि विचारलंस, "उन्हात टांगलंयस, वर पंख्याचा वारा. तू राहशील का इथे?" मग तीच घरं पार्किंगच्या आडोशाला, माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी लावलीस. चिमण्या नाहीच आल्या, दयाळ आला. पहाटे असा गायचा की माझे हे असते तर म्हणाले असते, रेडिओ बंद करा कुणीतरी.

यांच्यावरून आठवलं, आपला कबुतरांचा वाद तू अर्धाच टाकून गेलीस. हे गेल्यापासून मी गच्चीवर रोज ज्वारी टाकते. तू म्हणायचीस, "तू पक्ष्यांना खायला घालत नाहीस निमे, तू कबुतरं पोसतेस. ती सगळे कोपरे बळकावतात, दुसऱ्या कुणाला जागा ठेवत नाहीत." मी म्हणायचे, ती पण जीवच आहेत. तू म्हणायचीस, "मग ज्वारी कशाला, एक उंबर लाव, ज्याला हवं तो येईल." मी म्हणायचे, उंबराला फळ येईपर्यंत मी राहीन का. एकदा रागाने तू मला म्हणालीस की मी नवऱ्याचं पुण्य आठवड्याच्या बाजारातून किलोने आणते. त्यावर मी तुझ्याशी तीन दिवस बोलले नाही. तुझं बरोबर होतं, पण ते मी तुला कधी सांगणार नव्हते, आणि आता सांगते तर तू जिंकल्याचा आनंद तुला मिळणार नाही. हेही तुझ्या नशिबात नव्हतं बघ.

देवळाली कॅम्पला गेलो होतो ते आठवतं का. बसने, तुझ्या डब्यात मेथीचे ठेपले. तिथल्या जुन्या झाडांवर बगळेच बगळे होते आणि लांबून तोफांचा सराव ऐकू येत होता. एकही पक्षी हलत नव्हता. तू म्हणालीस, "बघ, तोफेशी यांचं जमतं. आपल्या चेअरमनच्या गाडीशी जमत नाही." तो तुझा पहिला आणि शेवटचा वाकडा शब्द निकमबद्दल. त्याने हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात जाऊन भल्यामोठ्या लेन्सने काढलेले फोटो ग्रुपवर टाकले की तू अंगठा द्यायचीस. मी कधी दिला नाही.

आता मागच्या पावसाळ्याचं सांगते. तुला जे माहीत आहे ते तुलाच सांगायचं, हे किती अवघड आहे ते लिहायला बसल्यावर कळलं.

त्या दिवशी मी कुरडया तळत होते. दुपारचे बारा असतील. करवतीचा आवाज आला, बाल्कनीत आले, तर चिंचेची अर्धी फांदी खाली आली होती. महापालिकेची परवानगी होती ती भिंतीवर आलेल्या फांद्यांपुरती. ठेकेदाराची माणसं चिंच वरून खाली सोलत आली, आणि निकम छत्री धरून उभा राहून कुठे कापायचं ते दाखवत होता. पिल्लं पडत होती. भेदरली की ती पोटातले मासे ओकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्या आवारात माशांचा वास. तू गाउनवरच खाली धावलीस, हातात बेडशीट. एकेक पिल्लू उचलून त्यात घालत होतीस, ती तुझ्या हातांना चोची मारत होती, आणि तू त्यांना "हो, हो" म्हणत होतीस. फळांच्या क्रेटमध्ये घालून तू ती पक्षीमित्रांकडे पाठवलीस. त्यांतली किती जगली, ते मी कधी विचारलं नाही.

मी लगेच खाली आले नाही. तू ते कधी विचारलं नाहीस. मी बाल्कनीतच उभी राहिले, झारा हातात, कारण मला आठवलं होतं.

त्याच्या महिनाभर आधी आपला वॉचमन तुळशीराम पॅडवर एक कागद लावून आला होता. "ताई, साहेबानं धाडलंय. सही करा पटकन, लय घरं राह्यलीत." माझे हात पिठाचे, चष्मा आत. मी कागद वाचला नाही, सुमन. मी फक्त वर बघितलं. वर निकमची सही होती, निळ्या शाईची, उजवीकडे झुकलेली, प्रेसमध्ये वर्षानुवर्षं बघितलेली. त्याखाली खात्यातल्यांच्याच, ओळीने. मी त्याखाली माझी केली. प्रत्येकाने वरची बघून खालची केली. उभं आयुष्य कागदातली खोट शोधणारी ही सगळी माणसं, आणि चिंचेवर करवत चालवायचा कागद एकानेही वाचला नाही. तुझ्याकडे तुळशीराम आलाच नाही. तुझं घर गाळायला त्याला सांगितलं होतं.

संध्याकाळी तू ते बेडशीट धुऊन वाळत घातलंस आणि म्हणालीस, "सह्या कुणी केल्या ते मला बघायचंय." मी म्हटलं, "बघच. एकेकाला उघडं पाड." तोंड वर करून म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू माहिती अधिकाराचा अर्ज टाकलास, आणि मी रोज तुला विचारायचे, आलं का उत्तर. तू म्हणायचीस, बघू. मग मी विचारायचं बंद केलं. दोघी चहा घेत बसायचो आणि मी निकमला शिव्या द्यायचे, सह्या करणाऱ्यांना शिव्या द्यायचे, एकापेक्षा एक. तू ऐकून घ्यायचीस. कधीकधी म्हणायचीस, "जाऊ दे निमे, साखर टाक."

विधीनंतर दोन दिवसांनी प्रज्ञा तुझी फाइल घेऊन आली. म्हणाली, "मावशी, पक्ष्यांचे कागद आहेत, मला त्यातलं कळत नाही. तू ठेव." वरच तो होता. महापालिकेचं उत्तर, सोबत सह्यांच्या कागदाची प्रत. तारखेवरून चिंच तुटल्यावर महिन्याभरातच आला होता. तू प्रत्येक सहीभोवती पेन्सिलने गोल केला होतास, खात्यात करायचो तसा. निकमची पहिली. माझी अकरावी. माझ्या सहीभोवतीचा गोल दोनदा फिरवलेला आहे. मी भिंग घेऊन पाहिलं. बाकी सगळे एकदाच.

म्हणजे तुला खरं वाटलं नव्हतं. कागद पुन्हा उजेडात धरलास, खात्री करून घेतलीस, आणि मग संध्याकाळी चहाला आलीस.

तेव्हापासून दहा महिने, सुमन. रोज माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्या तोंडून सह्या करणाऱ्यांना घातलेल्या शिव्या ऐकून, तू एक अक्षर बोलली नाहीस. लोक तुला मायाळू म्हणत होते त्या हॉलमध्ये. आता त्याचं मला हसू येतं. एवढा सूड तर निकमलासुद्धा जमणार नाही. एकदा तरी म्हणायचं होतंस, निमे, हे काय केलंस. मी पाया पडले असते. नाहीतर भांडले असते, वॉचमनवर ढकललं असतं, चष्म्यावर ढकललं असतं, पण काहीतरी झालं असतं. तू माझ्यासाठी काही सोडलंच नाहीस. आणि मला वाईट वाटून मी दूर जाऊ नये म्हणून गप्प राहिलीस की मी आपणहून सांगते का ते बघत होतीस, तेही आता मला कोण सांगणार. चार दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तुझ्या फोटोसमोर दिवा लावला नाही.

मग बुधवारी तुळशीराम पुन्हा पॅड घेऊन आला. 'सुमन पक्षी उद्यानासाठी टाकीमागील वृक्षाची आवश्यक छाटणी.' या वेळी मी चष्मा लावला. वर तीच सही, निळी, झुकलेली. खाली पाच जणांच्या झाल्यासुद्धा होत्या. मी कागद पॅडमधून काढून घेतला.

"अवो ताई, साहेब वरडतील," तुळशीराम म्हणाला.

"ओरडू दे. सांगा, निर्मलाबाईंनी हिसकावला. आता मीच फिरवते."

तुझी सह्यांची प्रत एका हातात आणि नवा कागद दुसऱ्या हातात, असं मी प्रत्येक दार वाजवलं. लिफ्ट बंद होती, गुडघे बोलत होते, पण रागाने माणूस फार चढतो. अहिरेवहिनींनी दार उघडलं. मी म्हटलं, "सही केलीत ते वाचलंत का?" त्या म्हणाल्या, "अगं, निकमसाहेबांची होती ना वर." मी मागच्या वर्षीची प्रत समोर धरली. "तेव्हाही होती. ही तुमची. आणि ही त्याखाली माझी." त्यांनी सगळ्या सह्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे गोल कुणी केले?"

"सुमनने."

त्यांनी पेन घेतलं आणि नव्या कागदावरची आपली सही आडवी-उभी खोडली. मला आत बोलावलं नाही. दार लावताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मला त्याचं फार बरं वाटलं. तुला वाटेल, निमा सुधारली, पक्ष्यांसाठी दारोदार फिरली. तसं काही नाही. प्रत्येक दारात माणसाचा चेहरा पडताना मला गुळाचा खडा तोंडात ठेवल्यासारखं वाटत होतं. कुणी रडलं, कुणी म्हणालं आता गेलेलं कशाला उकरतेस, एकाने मला विचारलं की मग तुझं काय. मी म्हटलं, माझं अकरावं, नीट बघा, डबल गोल आहे. खात्यातल्या माणसाला डबल गोल म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही.

शेवटी निकमकडे गेले. हॉलमध्ये भिंतीवर त्याने काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो, सोनेरी फ्रेममध्ये. मी कागद टीपॉयवर ठेवला. वर त्याची एकट्याची सही, खाली पाच खोडलेल्या आणि बाकी कोऱ्या ओळी.

तो म्हणाला, "निर्मलाबाई, मी किरकोळ छाटणीच लिहिली होती. ठेकेदाराने जास्त तोडलं."

"तुम्ही खाली उभे होतात, निकम. छत्री घेऊन."

'साहेब' नाही हे त्याला कळलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "तुमचीही सही आहे की त्या कागदावर."

"आहे. मी तुमची बघून केली. तुम्ही कुणाची बघून केलीत?"

त्याच्या बायकोने आतून चहा आणला होता, ती दारातच थांबली. निकमने नवा कागद घेतला, घडी केली, खिशात घातला. "ठीक आहे, या वर्षी राहू दे मग," असं जणू काही तो देतोय अशा आवाजात म्हणाला. देऊ दे. शिरीषाला काय, कुणाच्या का आवाजात होईना. पण मी त्याला सांगितलं की पुढच्या वर्षीही मी आहे, त्याच्या पुढच्याही वर्षी आहे, आणि डॉक्टरांनी माझं हृदय उत्तम म्हणून सांगितलंय.

सिमेंटचे फ्लेमिंगो आले नाहीत. चिंचेच्या थोटक्याला बाजूने धुमारे फुटलेत, तिथे आम्ही चार बायकांनी कुंपण घातलंय. टाकीमागे गाड्या लावायच्या नाहीत अशी चुन्याची रेघ मारली, पाला पसरायची पाळी ठरवली. अहिरेवहिनी येतात, माझ्याशी बोलत नाहीत, पाला मात्र चांगला पसरतात. परवा शिरीषाखाली निळसर अंड्याचं टरफल सापडलं.

तुझी प्रत मी लॉबीतल्या नोटीस बोर्डवर लावली. निकमने ती काढली. मी झेरॉक्स आणून पुन्हा लावली. त्याने काढली, मी लावली. सेक्रेटरी म्हणाला, ही बदनामी आहे. मी म्हटलं, हा महापालिकेचा शिक्का आहे, वाचा. मग ती तशीच राहिली, आणि येताजाता एकेकाने पेन काढून आपापलं नाव खोडायला सुरुवात केली. मी कुणाला अडवलं नाही. त्यांना त्याने बरं वाटत असेल तर वाटू दे. निकम एकदा पेन उघडून उभा होता. मी लिफ्टजवळून म्हटलं, "तुमचं नाही खोडायचं. ते वरचं आहे." तो गेला.

आता दोनच नावं शिल्लक आहेत. काल सकाळी प्रज्ञा ऑफिसला निघाली होती, मी परळं घासून लॉबीतून येत होते. ती बोर्डासमोर थांबली. तिला सगळं कळलंय, मीच सांगितलं.

"मावशी," ती म्हणाली, "निकमांचं राहू दे. तुझं तरी खोड आता. आई काही बोलली नसती गं तुला."

"नाहीच बोलली," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गेली. मी परळांत पाणी भरलं, वर आले. नाव तसंच आहे.